नावाड्याची ३४ वाक्यं

लेकीला शाळेच्या नाटकात नावाड्याचं काम मिळालं. वय नऊ, वाक्यं ३४, शेवटी नऊ ओळींचं स्वगत आणि तयारीला तीन आठवडे.

पहिले चार दिवस मी कविता पाठ करून घ्यावी तसंच केलं. वाक्य म्हणायचं, तिच्याकडून वदवून घ्यायचं, अडली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिली दहा वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणेल इतकी पक्की झाली आणि स्वगत कच्चंच राहिलं. तिथवर आम्ही पोचतच नव्हतो. पाचव्या दिवशी ती नक्कल, म्हणजे नाटकाची लिखित प्रत, मिटून म्हणाली, "आई, मला येतात सगळी. पण कुठलं कधी म्हणायचं तेच कळत नाही."

तिचं बरोबर होतं. मी तिला तिचीच वाक्यं एकामागून एक पाठ करायला लावत होते. रंगमंचावर तिच्या प्रत्येक वाक्याआधी दुसरं कुणीतरी बोलणार होतं आणि ते ऐकून तिला बोलायचं होतं. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडमध्ये नटाला सबंध नाटक लिहून देत नसत. त्याची वाक्यं आणि प्रत्येकाआधीचे दोन-चार शब्द, म्हणजे क्यू, एवढंच मिळे. तेवढ्यावर तो काम उभं करी. मग आम्हीही प्रत्येक क्यू रंगीत पेन्सिलीनं अधोरेखित केला. मी ससा व्हायचे, शेळी व्हायचे, खार व्हायचे. तिचं वाक्य जाड कागदाखाली झाकलेलं. आधी आठवून म्हणायचं, मगच कागद सरकवायचा.

हे तिला आवडलं नाही. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं, झाकलं की भीती वाटते. पण माझा यावर विश्वास बसायला कारण होतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग मी वाचले होते. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा, ज्यांनी मजकूर न बघता आठवून पाहिला होता, ते पुढे निघाले. आम्हाला आठवड्यानंतरचंच हवं होतं.

तासभर बसणंही बंद केलं. सकाळी दहा मिनिटं, शाळेतून आल्यावर दहा, झोपण्याआधी दहा. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ सालीच, स्वतः निरर्थक अक्षरं पाठ करून दाखवून दिलं होतं. म्हणून रात्री घेतलेलं सकाळी उठल्याउठल्या विचारायचं. स्वगत आम्ही उलटं बांधलं: आधी शेवटची ओळ, मग शेवटच्या दोन, मग तीन. म्हणताना ती दर वेळी जास्त पक्क्या भागाकडे जायची, त्यामुळे आवाज पडत नसे.

खरी अडचण वेगळीच निघाली. नावाडी ससा, शेळी आणि खार तिघांनाही जवळपास एकच प्रश्न विचारतो: "पलीकडे तुझं काय काम?" एकदा ती सशाच्या प्रवेशातून थेट खारीच्या प्रवेशात गेली आणि शेळी राहूनच गेली. घोकून हे सुटेना. मग मी विचारलं, "नावाडी सशाला हे का विचारतो?" ती म्हणाली, "त्याला नेण्याचा कंटाळा आलाय." आणि शेळीला? "ती घाबरलीय, तिला बोलतं करायला." खारीला? "आता त्याला खरंच जाणून घ्यायचंय." तीन कारणं झाली, तशी तीन कामंही ठरवली. सशाशी बोलताना दोर सोडायचा, शेळीशी बोलताना नावेतलं पाणी उपसायचं, खारीशी बोलताना वल्हं ठेवून खाली बसायचं. त्यानंतर प्रवेशांची सरमिसळ झाली नाही. हेल्गा आणि टोनी नॉइस यांनी नटांच्या पाठांतराचा बरीच वर्षं अभ्यास केला. हालचाल करत म्हटलेली वाक्यं जास्त लक्षात राहतात, असं त्यांनाही आढळलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत ते मला डोळ्यांनी दिसलं.

माझ्या दोन चुका सांगायलाच हव्यात. मी घरी नसताना सराव व्हावा म्हणून इतरांची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड केली, तिच्या वाक्यांसाठी जागा सोडली, इथवर ठीक. पण हौसेनं तिची वाक्यंही एकदा म्हणून ठेवली. आठवड्याभरात ती माझेच चढउतार उचलून बोलू लागली. तालमीत बाईंनी ते लगेच ओळखलं. मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करणं. ती बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघू लागली. मग ठरलं, ती "दे" म्हणेल तेव्हाच मी शब्द द्यायचा, बाकी चुका शेवटी. अडल्यावर नावाडी म्हणूनच थांबायचं, पाणी उपसत राहायचं, हेही आम्ही मुद्दाम घटवलं.

प्रयोगात शेळी तिचं वाक्य विसरली. "मला पोहता येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. लेक पाणी उपसत होती, ती उपसतच राहिली. मग शेळीकडे न बघता म्हणाली, "पोहता येतं का तुला?" शेळीला वाक्य आठवलं आणि नाटक पुढे गेलं.

रात्री अंथरुणात तिनं विचारलं, "ते नकलेत नव्हतं, तरी चाललं ना?" मी नक्कल आणली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. शेळीच्या वाक्याच्या वर, समासात, तिनं ते लिहून ठेवलं.