तुम्ही विचारलंत म्हणून: सायफाय-फँटसीत सध्या काय वाचावं?

"सायफाय आणि फँटसीवाले सध्या काय वाचतायत? आम्ही कुठून सुरुवात करू?" ग्रंथालयाच्या टेबलापाशी, ऑफिसात डबा खाताना, ठाण्याच्या फलाटावर हा प्रश्न हमखास येतो. सायफाय म्हणजे विज्ञानकथा, फँटसी म्हणजे अद्भुतकथा. पाच नावं लगेच सांगता येतात. पण नुसती नावं घेऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा पन्नासाव्या पानाच्या आत अडकतो. म्हणून मी आधी उलट विचारतो: रोज सलग किती वेळ मिळतो? आणि गाडीत बसायला मिळतं का?

या साहित्यात लांबीचे प्रकार ठरलेले आहेत. ह्यूगो या सायफाय-फँटसीच्या पुरस्काराच्या नियमांनुसार 7,500 शब्दांच्या आत असेल ती कथा, तिथून 17,500 पर्यंत नॉव्हेलेट, 40,000 पर्यंत नॉव्हेला, त्यापुढे कादंबरी. इंग्रजी वाचनाचा वेग मिनिटाला 200 शब्द धरा. ठाणे ते वाशी अर्ध्या तासात 6,000 शब्द होतात, म्हणजे एक कथा पुरी. पनवेल ते सीएसएमटी सुमारे 80 मिनिटांत 16,000 शब्द, म्हणजे एक नॉव्हेलेट. त्याच मार्गावर जाऊन-येऊन अख्खी नॉव्हेला संपते. ब्रँडन सँडरसनची 'द वे ऑफ किंग्ज' पावणेचार लाख शब्दांच्या वर जाते. ठाणे-वाशी प्रवासात ती वाचायची तर तीसहून जास्त कामाचे दिवस लागतील, आणि मध्ये चार सुट्ट्या आल्या की पात्रांची नावं विसरायला होतात.

ठाणे-वाशी मार्गाची, म्हणजे ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडायची तयारी असेल तर बसून वाचता येतं. सकाळी ठाण्याहून सीएसएमटीची फास्ट पकडणाऱ्यांनी मात्र जाड पुस्तकाचा नाद सोडावा. त्यांच्यासाठी ऑडिओबुक. सध्या फार गाजणारं 'डंजन क्रॉलर कार्ल' ऐकण्यासाठीच घ्यावं असं माझं मत आहे. मॅट डिनिमन यांनी 2020 मध्ये ते स्वतःच प्रकाशित केलं, आणि 2024 मध्ये मोठ्या प्रकाशनाची हार्डबॅक आवृत्ती आली. पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती जमिनीत गाडल्या जातात आणि वाचलेल्यांना व्हिडिओ गेमसारख्या एका जीवघेण्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये उतरावं लागतं. छापील पानावर लेव्हल, गुण आणि बक्षिसांचे चौकटीतले मजकूर डोळ्यांना अडतात. जेफ हेज यांच्या आवाजात तेच सरळ कानात शिरतात. पहिला भाग साधारण साडेतेरा तासांचा आहे.

बसायला मिळणाऱ्या, पण या प्रकारात नवख्या वाचकाला मी मार्था वेल्स यांची 'ऑल सिस्टिम्स रेड' देतो. 2017 ची नॉव्हेला, दीडशेच्या आसपास पानं. माणसांच्या सुरक्षेसाठी बनवलेलं एक यंत्र स्वतःवरचं नियंत्रण तोडतं, आणि त्याला फक्त मालिका बघत शांत बसायचं असतं. पुढचे भाग क्रमाने वाचायचे असतात, पण पहिला वाचून थांबलात तरी गोष्ट पुरी होते. नवख्याला हे फार महत्त्वाचं. फँटसीत हाच निकष लावला तर सुझाना क्लार्क यांची 'पिरानेसी' (2020): अडीचशेच्या आसपास पानं, एकच भाग. तिथे पहिली साठेक पानं काहीच उलगडत नाही. ते मुद्दाम आहे, पुस्तक ठेवून देऊ नका.

लोक अडकतात त्या जागाही ठरलेल्या आहेत, आणि आधी सांगितल्या तर निम्मा त्रास वाचतो. एड्रियन चायकॉव्स्की यांच्या 'चिल्ड्रन ऑफ टाइम'मध्ये कोळी या आठ पायांच्या जिवांची एक संस्कृती हजारो वर्षं उत्क्रांत होत जाते. एका प्रकरणात पोर्शिया नावाची मादी मरते आणि पुढच्यात पुन्हा हजर असते. वाचक गोंधळतो, मागची पानं चाळतो. ती वेगळी पोर्शिया आहे. लेखकाने दर पिढीत तीच नावं पुन्हा दिली आहेत, म्हणजे नावाऐवजी वंश लक्षात राहावा. एन. के. जेमिसिन यांच्या 'द फिफ्थ सीझन'मध्ये तीन धागे आहेत आणि त्यातला एक थेट 'तू' म्हणून सांगितला आहे. शब्दार्थ शेवटच्या पानांत आहेत, तिथे पहिल्याच दिवशी खूणचिठ्ठी घालून ठेवा. या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला. तेव्हा पहिल्या शंभर पानांचे कष्ट वाया जात नाहीत.

लिऊ त्सिशिन यांचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' अजूनही सगळ्यात जास्त विचारलं जातं. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्ये होती. 2014 च्या इंग्रजी आवृत्तीत ती लेखकाच्या संमतीने सुरुवातीला आणली आहेत. त्यामुळे आपण विज्ञानकथा म्हणून उघडतो आणि समोर 1967 मधला हिंसाचार येतो. घाई करू नका, पुढे जे घडतं त्याचं कारण तिथेच आहे. पात्रं सपाट आहेत ही तक्रार खरी आहे. दुसऱ्या भागातली कल्पना मात्र इतकी भेदक आहे की ती तक्रार मी तरी पोटात घालतो.

खरेदीतला घोळ वेगळाच. सँडरसनच्या जाड कादंबऱ्या आपल्याकडे मिळणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन भागांत येतात, मुखपृष्ठावर लहान अक्षरात 'पार्ट वन' लिहिलेलं असतं. ते न बघता घेतलं की गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते, आणि वाचक लेखकाला दोष देतो. जॉर्ज मार्टिन यांचं 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स'ही तसंच दोन खंडांत विकलं जातं. ऑनलाइन मागवताना पानांची संख्या पाहा: एकाच नावाची एक आवृत्ती हजार पानांची आणि दुसरी सहाशेची दिसली, तर सहाशेवाली बहुधा अर्धीच आहे. रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांत मिळणारी नवी कोरी प्रत पायरेटेड असण्याची शक्यता दाट. छपाई पुसट, नकाशे वाचता न येण्याजोगे, कधी सोळा पानांचा एखादा जुडगा गायब. फँटसीत नकाशाच गेला तर काय उरलं?

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून 'फोर्थ विंग' बारा-तेरा वर्षांच्या मुलीला देऊ नका. रिबेका यारोस यांची ही 2023 ची कादंबरी प्रौढांसाठी आहे, तिच्यात उघड शृंगार आहे. सारा मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'चंही तेच, आणि ती तर सुरुवातीला किशोरांसाठी म्हणून विकली गेली होती. प्रौढ वाचकाने मात्र या रोमँटसीला, म्हणजे प्रेमकथा आणि फँटसीच्या मिश्रणाला, नाक मुरडायचं कारण नाही. गेल्या काही वर्षांत फँटसीकडे आलेल्या नव्या वाचकांचा मोठा भाग या दारातून आला आहे.

पुढचं पुस्तक निवडायला पुरस्कारांच्या अंतिम याद्या वापरा, पण प्रत्येक पुरस्कार कोण देतं ते ओळखून. ह्यूगोला वर्ल्डकॉन या जागतिक सायफाय संमेलनाचे सभासद, म्हणजे चाहते, मत देतात, नेब्युलाला लेखक, आर्थर सी. क्लार्क पुरस्काराला परीक्षक. चाहत्यांना वेगवान आणि लाडकी पात्रं असलेली पुस्तकं भावतात, लेखकांना रचनेचे प्रयोग. एकाच यादीवर विसंबू नये याला कारणही घडलं आहे: 2023 च्या चेंगडू वर्ल्डकॉनमध्ये आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'ला भरपूर नामांकनं मिळूनही ह्यूगोसाठी कारण न देता अपात्र ठरवलं गेलं, आणि ते पुढच्या वर्षी आकडे बाहेर आल्यावर कळलं. त्याच पुस्तकाला नेब्युला मिळाला होता. 2025 चा ह्यूगो रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या 'द टेंटेड कप'ला मिळाला. रहस्यकथा वाचणाऱ्याने फँटसीत यायचं तर सध्या याहून सोपी वाट नाही.

आपल्या भागातलंही वाचा. कोलंबोचे वज्र चंद्रशेखर यांच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'ला नेब्युला मिळाला आहे. बापाला मारण्यासाठीच आईने वाढवलेला मुलगा, धर्मसत्ता, वंश-जातींची सरकारी वर्गवारी: परदेशी वाचकाला हे समजून घ्यावं लागतं, आपल्याला ओळखीचं वाटतं. वर्गवारीचा तक्ता पाठ करू नका, नायकालाही ती नीट कळत नाही. अनिल मेनन यांच्या 'द बीस्ट विथ नाइन बिलियन फीट'मध्ये 2040 चं पुणे आहे; किशोरांना बिनधास्त द्या.

आणि मराठी. जयंत नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. सुरुवात 'यक्षांची देणगी'पासून करा, कारण कथा सुट्या आहेत आणि एका प्रवासात एक होते. मग 'वामन परत न आला': जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन ज्ञानातून घडवलेला यंत्रमानव माणसाच्या हाताबाहेर जातो. यंत्रांच्या बुद्धीवर आज जी चर्चा चालू आहे ती करणाऱ्या प्रत्येकाने ही कादंबरी वाचावी असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. खारघर-घोडबंदरच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी जड जात असेल तर फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा नॅशनल बुक ट्रस्टचा संग्रह आहे; भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा त्यात इंग्रजीत आल्या आहेत.

यातली काही जुनी पुस्तकं दुकानात सहज मिळत नाहीत. 1893 मध्ये सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यातच आहे, तिथे आधी विचारा. विचारताना नुसतं 'विज्ञानकथा' म्हणू नका, लेखकाचं नाव सांगा. ग्रंथालयांत हीच पुस्तकं कधी 'कथासंग्रह'मध्ये, कधी 'विज्ञान'मध्ये तर कधी 'बालसाहित्य'मध्ये लावलेली असतात.