सोरोरिटीचा अर्ज आणि वडिलांचं नाव

चाळिशी उलटल्यावर मी सोरोरिटीत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये असते तशा बायकांच्या सभासद-संघटनेत, जातेय म्हटल्यावर बहिणीने फोनवर पहिलं हेच विचारलं, "अगं, ते कॉलेजातल्या पोरींचं ना?" कॉलेजातल्या पोरींचं आहेच, पण पदवीनंतरही दार उघडं असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच सोरोरिटी अशा बायकांना 'अल्युम्ना इनिशिएट', म्हणजे पदवीनंतर झालेल्या सभासद, म्हणून घेतात. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फासारख्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थांमध्ये तर पदवीधरांच्या वेगळ्या शाखाच आहेत.

न्यू जर्सीत आमच्या वाचनालयात लहान मुलांना वाचायला शिकवताना एका सोरोरिटीच्या दोघी सभासद भेटल्या. वर्षभर एकत्र काम केलं, मग त्यांनीच माझी शिफारस केली. भेटीगाठी, मुलाखत सगळं छान झालं.

मग सोरोरिटीच्या मुख्य कार्यालयाने पदवीचा पुरावा मागितला. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेली सगळ्या गुणांची अधिकृत नोंद, तेही विद्यापीठाने सीलबंद केलेलं. भावाने माझं अधिकारपत्र घेऊन तीन फेऱ्या मारल्या आणि लिफाफा पाठवला. (लिफाफा स्वतः उघडू नका, उघडला की तो बाद.) तीन आठवड्यांनी ईमेल आलं: कागदावरचं नाव तुमचं नाही.

माझंच होतं. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. तिथल्या बाईंनी माहेरचं आडनाव हे माझं पहिलं नाव धरलं आणि आईचं नाव आडनाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. चार शब्दांतला एकच जुळत होता, तोही भलत्या जागी. मी फोन करून समजावलं. लग्नाचा दाखला पाठवा म्हणाल्या. पाठवला, तर तो मराठीत. भाषांतर करून पाठवलं, तेव्हा फोनवर दुसऱ्याच बाई, पुन्हा पहिल्यापासून. "मग तुमच्या वडिलांचं नाव तुमच्या नावात का आहे?" या प्रश्नाला काय उत्तर देणार? आमच्यात असतंच, एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं. यात अडीच महिने गेले आणि त्या वर्षीचा दीक्षाविधी, म्हणजे नव्या सभासदांना रीतसर सामावून घेण्याचा समारंभ, हुकला.

शेवटी सुटलं ते एका पानावर. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र केलं, खाली नावातला प्रत्येक शब्द कोणाचा ते ओळीने लिहिलं आणि माझ्या बँकेतल्या नोटरीसमोर सही केली. आठवड्यात मंजुरी आली. तुम्ही हा कागद अर्जासोबतच जोडा, कोणी मागायची वाट बघू नका.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. १९०२ साली स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या महासंघाच्या नियमाने महासंघातल्या एका सोरोरिटीत दीक्षा घेतली की त्यातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत कधीच जाता येत नाही. म्हणून ओळखीची म्हणून हो म्हणू नका. त्यांच्या कामात आधी राबून बघा. वर्गणी दरवर्षी भरायची असते, तीही विचारून घ्या.

दीक्षेत काय होतं ते गुपित असतं, म्हणून लिहीत नाही. पण सभासदत्वाच्या प्रमाणपत्रावर नाव कसं हवं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी चारही शब्द लिहून दिले, गुणपत्रिकेवर आहेत तसेच.