सहाजणांची सवय

१७ नोव्हेंबर, रात्री साडेदहा

आज पहाटे पहिल्यांदा थंडी जाणवली. भाचा अजिंक्यताऱ्यावर धावून आला तो घामाने निथळत, पाठीवरच्या सॅकमध्ये दोन विटा. विटांची कल्पना त्याला कुणी दिली देव जाणे. गुडघे जातील पोराचे, म्हणून ताई मला फोन करते, त्याला नाही. पहिल्या एसएसबीत, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायच्या मुलाखतीत, शेवटच्या दिवशी, कॉन्फरन्सला बाहेर पडला. तेव्हापासून विटा सुरू झाल्यात.

चहा पिताना त्यानं पेपरातला फोटो पुढं केला. कर्नल संतोष महाडीक. आज त्यांचा स्मृतिदिन.

"मामा, एक विचारू? हे बटालियनचे सीओ, कमांडिंग ऑफिसर होते ना? मग सीओनं स्वतः जंगलात पुढं कशाला जायचं? पाठवायला माणसं असतात की."

"असतो एकेकाचा स्वभाव," मी म्हणालो आणि आंघोळीला गेलो. उत्तर इतकं बेकार होतं की दिवसभर टोचत राहिलं. म्हणून आता लिहायला बसलोय.

आपल्या साताऱ्यात महाडीकांची गोष्ट बहुतेक शेवटापासून सांगितली जाते: काश्मीरातलं कुपवाडा, हाजी नाक्याचं जंगल, १७ नोव्हेंबर २०१५, मरणोत्तर शौर्य चक्र. त्या आधीची सतरा-अठरा वर्षं कुणी विचारत नाही. पोगरवाडीचा मुलगा, जन्म १५ जानेवारी १९७७, म्हणजे नेमका लष्कर दिन. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये, १९६१ साली निघालेली देशातली पहिली सैनिकी शाळा ती. फुटबॉलमध्ये गोलकीपर. मग अधिकारी होऊन थेट २१ पॅरा, स्पेशल फोर्सेस, म्हणजे छत्रीधारी कमांडोंची बटालियन.

ही २१ पॅरा मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची एकविसावी बटालियन. १९९६ मध्ये तिचं स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झालं. तिथली माणसं स्वतःला 'वाघनख' म्हणवतात. कामाचा मुलूख ईशान्येकडचा. पावसाळी जंगल, जळवा, दहा पावलांपुढचं न दिसणारं रान. आसामकडच्या बंडखोरांविरुद्धच्या 'ऑपरेशन ऱ्हायनो'मधल्या कामगिरीसाठी महाडीकांना २००३ मध्ये सेना मेडल मिळालं. तेव्हा वय सव्वीस.

भाच्याला सांगायला हवं होतं ते खरं इथं आहे. स्पेशल फोर्सेसमध्ये कुणाला पाठवत नाहीत, तिथं स्वतः होऊन जावं लागतं, आणि गेलेल्यांतले बहुतेक प्रोबेशनमधूनच, म्हणजे पारखायच्या काळातूनच, परत येतात. त्या काळात खांद्यावर तारे असले तरी सवलत नाही. उलट साहेब म्हणून दोन ओझी जास्तच. त्यातून जो तरतो त्याच्या छातीवर 'बलिदान'चा बिल्ला लागतो. आणि कामाला निघतात ते किती जण? एकेक पथक सहा जणांचं. सहा जणांत साहेबाला मागं बसायला जागाच नसते. एक वाट काढतो, एक रेडिओ सांभाळतो, एक जखमींचं बघतो, आणि साहेबाच्याही पाठीवर तेवढंच ओझं. पंचविशीत अंगात मुरलेली ही चाल पुढं कर्नल झाल्यावर कशी सुटायची?

हुद्दा मात्र वाढतच जातो. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल इथपर्यंत नोकरीची वर्षं माणसाला नेतात. कर्नल व्हायला निवड मंडळातून पार व्हावं लागतं. आणि कर्नल झाला की हाताखाली सहा नाही, शेकडो माणसं. त्यांचं राशन, रजा, गाड्या, चौकशा, पत्रव्यवहार. महाडीक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ झाले. राष्ट्रीय रायफल्स म्हणजे काश्मीरमध्ये दहशतवादाशी लढणारं लष्कराचं दल. ही बटालियनही मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली, म्हणजे बरीच माणसं पुन्हा आपल्याच भागातली. जंगलात झडप घालणं आणि वर्षानुवर्षं एकाच खोऱ्यात लोकांत राहणं, ही दोन अगदी वेगळी कामं. राष्ट्रीय रायफल्सच्या सीओला गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं लागतं, पोरांचे सामने भरवावे लागतात, शाळेचं छप्पर बघावं लागतं. या कामाला पदक नसतं, म्हणून आपल्याला त्याची गोष्टही नसते.

इथवर लिहून खूश झालो होतो. मग आठवलं, महाडीक गेले त्याच वर्षी, २०१५ च्या जानेवारीत, काश्मीरातच त्राळला कर्नल एम. एन. राय गेले. ४२ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ. आदल्याच दिवशी युद्ध सेवा मेडल जाहीर झालेलं. ते गुरखा रेजिमेंटचे, स्पेशल फोर्सेसचे नव्हेत. २०२० मध्ये हंदवाड्यात कर्नल आशुतोष शर्मा, तेही नव्हेत. म्हणजे माझं सहाजणांच्या सवयीचं गणित लंगडंच आहे. काश्मीरमध्ये सीओ पुढं असतो हीच रीत दिसते, मग टोपी पॅरावाल्यांची गडद तांबडी, 'मरून' असो की दुसऱ्या कुणाची हिरवी.

ती रीत बरोबर की चूक? सीओ पडला की त्या दिवशी शेकडो जणांचं घर हलतं. भाच्याचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता.

१९ नोव्हेंबर

२०१५ मध्ये आजच्याच दिवशी त्यांचा अंत्यविधी होता. मी स्कूटर घेऊन निघालो होतो, पण गर्दीत वाटेतच अडकलो. पोगरवाडीपर्यंत पोहोचलोच नाही. संरक्षणमंत्री पर्रीकर आलेले. उसाच्या फडाकडेला तासभर उभा राहिलो आणि लांबून बंदुकांचा आवाज ऐकून परत आलो. कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे "मी तिथं होतो" म्हणत होते.

जेवताना भाच्याला परवाचं सगळं सांगितलं, रायसाहेबांसकट. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही उत्तर माहीत नाही." नाही, म्हणालो.

मग कर्नल महाडीकांच्या पत्नी स्वाती महाडीकांचं निघालं. शिक्षिका होत्या, दोन मुलांची आई, सैन्यात जायचं वय उलटलेलं. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल झाली. पण परीक्षा, मुलाखत आणि चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण यांत सूट नव्हती. पोरीपोरींच्या बॅचमध्ये त्या पळाल्या. ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या, आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये. म्हणजे दारूगोळा, कपडे, सुटे भाग, सगळ्या फौजेचा पुरवठा. भाच्यानं तोंड जरासं वाकडं केलं. त्याला ते 'स्टोअर' वाटतं. मी म्हटलं, बाबा, तुझ्या त्या मरून टोपीवाल्याचं पॅराशूटही कुठल्या तरी स्टोअरमधूनच येतं. ताटातली भाकरी संपेपर्यंत गप्प बसला.

नऊला ताईचा फोन. "नाद सुटला का रे त्याचा?" मी म्हटलं, जेवण चांगलं जातंय.

साडेपाचला उठवा म्हणून सांगून झोपलाय. विटा दारातच ठेवल्यात. रात्री पाण्याला उठलो तर अडखळणार नक्की, पण हलवायला गेलो तर आवाजानं जागा होईल.