फराळाशेजारी चीजचं ताट: अमळनेरची नोंद

घरी चीज करायला लागलेल्या आणि दिवाळीत ते पाहुण्यांपुढे मांडायची हौस असलेल्या मंडळींसाठी ही नोंद. यंदा मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी फराळाच्या डब्यांची यादी केली आणि मग कोणतं चीज करायचं ते ठरवलं. परदेशी चित्रांतल्या ताटांत द्राक्षं, अंजीर, ऑलिव्ह आणि बेचव क्रॅकर असतात, कारण तिथे सगळा मान चीजचा. आपल्याकडे पाडव्याला दारात येणारा माणूस आधीच दोन घरचा फराळ करून आलेला असतो. चकली, शेव, चिवडा, करंजी, अनारसा: बहुतेक सगळं तळलेलं आणि निम्मं गोड. त्याच्यापुढे लोण्यासारखं मऊ, सायीचं चीज ठेवणं म्हणजे जुलूम आहे. त्याला हवं काहीतरी आंबट, काहीतरी खारट आणि गार, आणि जमलं तर एखादी गोष्ट तव्यावरून थेट.

म्हणून ताटात चारच: टोपली पनीर, शेळीच्या दुधाचं ताजं चीज, तव्यावर भाजायचं हलूमीच्या जातीचं आणि मुरलेलं गौडा. निळ्या बुरशीचं चीज मुद्दाम वगळलं. ती बुरशी एकदा मुरवायच्या फ्रिजमध्ये शिरली की शेजारच्या चीजवर बसते, आणि आमचे निम्मे पाहुणे तो तुकडा बघून ‘अहो, हे खराब झालंय’ म्हणून कळवळ्याने बाजूला काढून ठेवतील.

श्रावण, कानबाईच्या सणाच्या सुमारास

मुरवायचं चीज दिवाळीला खायचं तर श्रावणात लावायलाच हवं. गौडाला निदान दोन महिने लागतात. नुसतं म्हशीचं दूध घेतलं नाही. त्यात केसीन (दुधाचं मुख्य प्रथिन) आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे दही (इथे दही म्हणजे चीजसाठी धरवलेलं दूध) झटकन आणि टणक धरतं, पण मुरवायच्या चीजमध्ये तोच टणकपणा अंगाशी येतो: चीज कोरडं, भुरभुरीत होतं आणि चव सावकाश चढते. गायीचं जास्त आणि म्हशीचं थोडं, असं मिश्रण माझ्या मते आपल्या भागासाठी बरं.

दूध गवळ्याकडचं कच्चं. आणल्यावर ६३ अंशांवर ३० मिनिटं धरायचं आणि लगेच गार करायचं. घरच्यांची सवय उतू जाईपर्यंत उकळण्याची, आणि चहासाठी ती योग्यच आहे. पण उकळलेल्या दुधात व्हेमधली (दही धरल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं केसीनला चिकटतात आणि मग रेनेट (दूध धरवणारं द्रव्य) टाकून कितीही वाट बघा, पातळ खिरीसारखं काहीतरी हाती येतं. उलट, कच्चंच वापरायचा मोह कुणाला होत असेल तर ब्रुसेला या कच्च्या दुधातून माणसाला लागणाऱ्या जंतूची आठवण ठेवा. पिशवीचं दूध वापरणार असाल तर ते बहुतेकदा होमोजिनाइझ केलेलं (साय वर येऊ नये म्हणून स्निग्धांश बारीक फोडलेलं) असतं, दही लेचंपेचं धरतं. त्याला कॅल्शियम क्लोराइडचा आधार द्यावा लागतो. महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध या कामाचं नाही.

रेनेटबद्दल एकदाच सांगतो, कारण हा प्रश्न पाहुण्यांकडून हमखास येतो. जुन्या पद्धतीचं रेनेट वासराच्या पोटातून काढतात. इटलीच्या पार्मिजानो रेजानो चीजला तर नियमानेच तेच लागतं, म्हणजे शाकाहारी पंगतीत ते चालत नाही. आपण वापरतो ते मायक्रोबियल, रायझोम्यूकर मिहाय या बुरशीपासून केलेलं. आमच्याकडे माळकरी आणि जैन दोन्ही येतात, म्हणून बाटली मी फडताळात समोरच ठेवतो. हिरवा ठिपका बघितला की विषय संपतो.

दही कापायची वेळ घड्याळावर सोडू नका, वाटीवर सोडा. रेनेट घातल्यावर दुधावर हलकी प्लॅस्टिकची वाटी तरंगत ठेवायची आणि अधूनमधून बोटाने गिरकी द्यायची. ज्या क्षणी ती फिरेनाशी होते, तोवरची मिनिटं गुणिले तीन. वाटी १२ मिनिटांनी अडली तर ३६ मिनिटांनी सुरी. म्हशीचं प्रमाण वाढलं की वाटी लवकर अडते, आणि पुस्तकातली ‘४५ मिनिटं’ तिथेच निकालात निघतात.

पुढचं गौडाचं खरं कौशल्य धुण्यात. सेंटिमीटरभर फोडी कापून झाल्या की साधारण तिसरा हिस्सा व्हे काढून तेवढंच गरम पाणी हळूहळू घालायचं आणि सगळं ३८ अंशांपर्यंत न्यायचं. पाण्याबरोबर दुधातली साखर निघून जाते, विरजणाला खायला कमी उरतं, म्हणून गौडा चेडरसारखं आंबट होत नाही, गोडसर राहतं. मग दाब, मिठाच्या पाण्यात बुडवण, वाळवण. मीठ आयोडीन नसलेलं घेतलं.

मुरवण्यासाठी जुना एकदारी फ्रिज आणि त्याला बाहेरून जोडलेला थर्मोस्टॅट, १२ अंशांवर. साधा फ्रिज ४ अंशांवर चालतो, तिथे चीज मुरत नाही, नुसतं सुकतं. ओलाव्यासाठी झाकणाचा डबा आणि आत ओलं फडकं. वीज जाण्यावर उपाय म्हणून खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या ठोसून ठेवल्या आहेत. फ्रिजमधली हवा लगेच तापते, तेवढं पाणी तापायला मात्र वेळ लागतो. खानदेशात चीज मुरवायचं तर या बाटल्या विरजणाइतक्याच महत्त्वाच्या.

नवरात्र

शेळीच्या दुधाची चाचणी. या चीजला घाई चालत नाही. विरजण आणि रेनेटचे जेमतेम थेंब, मग २० ते २२ अंशांवर रात्रभर आणि पुढचा बराचसा दिवस स्वस्थ. आश्विनात आमच्याकडे दुपार तिशी ओलांडते, तेव्हा २२ अंश आणायचे कुठून? माठाच्या कोपऱ्यात परातीत पाणी, त्यात पातेलं, भोवती ओलं गोणपाट, वरून पंख्याचा वारा. जुनी युक्ती, पण थर्मामीटर लावून बघितली तर कोरड्या हवेत ती खरंच काम करते. पाऊस रेंगाळला असेल त्या दिवशी नाही करत. तेव्हा फ्रिजमधून बर्फाची बाटली परातीत.

दही फडक्यात टांगायचं, चक्क्यासारखं. चवीला मात्र चक्क्याहून वेगळं: थोडं लिंबासारखं आंबट, मागून शेळीचा वास. तो वास कमी हवा असेल तर धार काढल्याबरोबर दूध गार करा आणि बोकडाला दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधायला सांगा. माझ्या ओळखीचा शेळीवाला हे ऐकून हसला, पण बांधला.

लाट्या करून एकीला भाजलेल्या तिळाचं कूट लावलं, दुसरीला नंदुरबारच्या लाल मिरचीची भरड. फ्रान्समध्ये अशा चीजला राख लावतात. राखेने पृष्ठभागाचा आंबटपणा उतरतो आणि पांढरी बुरशी नीट चढते. मला बुरशी चढवायचीच नव्हती, तेव्हा तीळ.

सोबत काय? सीताफळ. दिवाळीच्या आसपास ते भरात असतं. बिया काढून गर वाटीत, वर शेळीच्या चीजचा छोटा गोळा. बिया काढायला घरातली पोरं बसवा.

कोजागिरीनंतर

टोपली पनीर हे या ताटातलं सगळ्यात जवळचं चीज, नकाशावरसुद्धा. सुरतेच्या पारशी घरांतला हा पदार्थ, आणि सुरत ते भुसावळ ही तापीच्या खोऱ्यातली रेल्वे आमच्या गावातूनच जाते. बाजारातल्या पनीरशी याचं नाव सोडून फारसं नातं नाही. ते लिंबू किंवा व्हिनेगरने फाडलेलं. हे रेनेटने धरवलेलं, टोपलीत निथळलेलं आणि खारट व्हेमध्ये ठेवलेलं. इथे म्हशीचं दूध एकटंच राजा. दाट, पांढरंशुभ्र, सुरी लावली की थरथरतं.

टोपल्यांसाठी बुरुडाकडून छोट्या दुरड्या विणून घेतल्या. नवीन बांबूला वास असतो, म्हणून आधी मिठाच्या पाण्यात उकळायच्या. दह्याचे मोठे तुकडे पळीने अलगद भरायचे, खाली बसले की पुन्हा भरायचे. अर्ध्या तासाने उलथवून पुन्हा टोपलीत, म्हणजे दोन्हीकडे विणीचा ठसा उमटतो. हे दोन-तीन दिवसांहून जास्त ठेवायचं नाही, त्यामुळे ही फक्त तालीम होती. खरं करायचं ते पाडव्याच्या आदल्या दिवशी.

वसुबारस

आज दुधाचं काम बंद. आई या दिवशी दूधदुभतं आणि गहू खात नाही, आणि घरात गायवासराची पूजा असताना ओट्यावर पातेलंभर दूध फाटतंय हे मलाही बरं वाटेना. वेळापत्रक आखताना हा दिवस आधीच कोरा सोडा. मी सुऱ्या धारेला दिल्या, केळीची पानं सांगून ठेवली.

पाडव्याच्या आधी

हलूमी हे मूळ सायप्रसचं, आणि २०२१ पासून युरोपीय संघात हे नाव तिथल्या चीजपुरतंच राखीव आहे. म्हणून मी ‘हलूमीच्या जातीचं’ म्हणतो. यात विरजण लागत नाही. दही कापून, किंचित तापवून, दाबून वड्या पाडायच्या आणि मग त्याच व्हेमध्ये ९० अंशांच्या आसपास शिजवायच्या. वड्या आधी बुडतात, शिजल्या की वर येतात. त्या शिजण्यामुळे आणि आंबटपणा वाढू न दिल्यामुळे हे चीज तव्यावर वितळत नाही, नुसतं तांबूस होतं. वड्या घालण्याआधी तापत्या व्हेवर जे पांढरं तरंगतं ते गाळून घ्या. साखर घालून पोरांना द्या, पाच मिनिटांत फस्त.

पारंपरिक पुदिन्याची पानं घडीत घातली, मग मिठाच्या पाण्यात बरणी भरून ठेवली. खायच्या आधी तासभर साध्या पाण्यात टाकायला विसरू नका, नाहीतर पाहुणे पाणीच मागत बसतील.

सोबतीची जमवाजमव इथेच झाली. क्रॅकरच्या जागी बिबडे: उन्हाळ्यात घातलेले ज्वारीचे, निखाऱ्यावर भाजून तोडलेले. त्यांत लसूण-मिरची असतेच, त्यामुळे बेचव टोपली पनीर त्यांच्यावर खुलतं. कळण्याच्या भाकरीचे पातळ तुकडे तव्यावर कडक करून घेतले. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदाचा तो मातकट स्वाद शेळीच्या चीजला असा लागतो की विकतचं महागडं बिस्कीट बाजूला पडावं. हलूमीच्या वडीला बामणोदच्या वांग्याचं भरीत चमचाभर. गौडाला दोन जोड्या: मिठाचे केळी वेफर्स आणि अनारसा. अनारशातला गूळ, खसखस आणि गौडाचा खारट-गोडसरपणा ही जोडी मला सगळ्या ताटात उजवी वाटते. ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा खाऊन मग भांडावं. चकलीबरोबर मात्र कुठलंच चीज नको, दोन्हीचं मीठ एकमेकांवर चढतं.

पाडवा, संध्याकाळ

मांडायला लाकडी पाट घेणार होतो, पण आईचं म्हणणं बरोबर होतं: पाटावर बसतात, त्यावर खायचं ठेवत नाहीत. पोळपाट घेतला. गोल, पायांचा, जेवणाच्या चटईवर बसलेल्या माणसाच्या हाताला येतो. त्यावर केळीचं पान, पुसून कोरडं केलेलं. ओल्या चीजखाली लाकूड पाणी पितं, पान पीत नाही.

माणशी ३० ते ४० ग्रॅम धरलं. जेवणाआधीच्या ताटाला याहून जास्त धरतात, पण फराळानंतर एवढं पुष्कळ. मुरलेलं चीज वाढण्यापूर्वी तासभर बाहेर काढा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते थंड घरांसाठी. आमच्या हवेत गौडाला वीस मिनिटं पुरली, त्यानंतर त्याला तेल सुटायला लागतं. टोपली पनीर आणि शेळीचं चीज थेट फ्रिजमधून, थोडं थोडं, संपलं की पुन्हा. तासाच्या वर ताटात राहिलेलं मऊ चीज मी परत आत ठेवत नाही. हलूमी सगळ्यात शेवटी, माणसं बसल्यावर. गार झालं की ते दाताखाली चपलेसारखं लागतं.

गौडा कापताना प्रत्येक फाकेला थोडी पाठ आणि थोडा गाभा येईल अशी कापा. पाठीजवळची चव वेगळी असते, एकालाच सगळा मधला भाग देणं अन्याय आहे.

फुई (आत्या) बसल्या बसल्या पोळपाटाकडे बघून म्हणाली, “हाई काय शे रे भाऊ?” टोपली पनीर म्हटल्यावर तिने बिबड्याचा तुकडा उचलला, त्यावर पनीर, आणि फराळाच्या ताटातला हिरव्या मिरचीचा ठेचा ओढून घेऊन वर लावला. ठेचा माझ्या यादीत नव्हता. त्यानंतर जो आला त्याने तसंच खाल्लं आणि दुरडी सगळ्यात आधी रिकामी झाली. शेळीचं चीज तरुण मंडळींनी संपवलं, थोरांनी नाकाजवळ नेऊन खाली ठेवलं. गौडा उरलं, आणि ते उरावं असंच करायचं असतं.

पुढचं काम

उरलेलं गौडा पुन्हा गुंडाळून १२ अंशांवर गेलं आहे. कापलेल्या बाजूला तूप चोळलंय, म्हणजे तडे जाणार नाहीत. हुरड्याच्या दिवसांत काढीन, तोवर जळगावची मेहरूण बोरंही बाजारात येतील, त्यांच्याबरोबर लावून बघायचं आहे. टोपली पनीरच्या खारट व्हेत आईने भाकरीचं पीठ मळलं. वेगळं मीठ घालायची गरज पडली नाही. पुढच्या खेपेला दोन दुरड्या जास्त आणि ठेचा पहिल्यापासून पोळपाटावर. टोपली पनीरला रेनेट अजून कमी करून बघणार आहे. दही जितकं सावकाश धरतं तितकी थरथर चांगली राहते, असा माझा अंदाज. कुणी करून बघितलं असेल तर वाटी किती मिनिटांनी अडली ते जरूर लिहा.