बिवाकाठची पावडर

जपानमध्ये, बिवा तळ्याकाठच्या ओत्सू शहरात येऊन तिसरं वर्ष लागलं. १ जुलै हा इथे 'बिवा दिवस'. त्या सुमारास आमच्या वस्तीची काठावर सफाई असते. हातमोजे, चिमटा, दोन पिशव्या, आणि आठच्या आत सगळं आटोपून मंडळी घरी! बिवाला तळं म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. ६७० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी बृहन्मुंबई बुडेल.

यंदा शेजारच्या आजींच्या जोडीला होतो. त्यांनी विचारलं, कपडे कशाने धुता? मला वाटलं, वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल काही तक्रार असेल. पण विषय निघाला १९७७चा. त्या मे महिन्यात पाणी तांबूस-तपकिरी झालं, माशासारखा वास मारू लागलं. सूक्ष्म शैवाल माजलं होतं आणि त्याला खतपाणी घालणाऱ्या फॉस्फरसचा एक वाटा घराघरातल्या धुण्याच्या पावडरीतून येत होता. मग बायकांनीच मनावर घेतलं. डिटर्जंट सोडून साधा साबण वापरायचा. तळणीचं उरलेलं तेल गोळा करून त्याचाही साबण करायचा. १९७९मध्ये शिगा प्रांताने कायदा केला, तो १ जुलै १९८०पासून लागू झाला. फॉस्फरसवाली पावडर विकायची नाही, वापरायची नाही आणि कुणाला भेटही द्यायची नाही! हे शेवटचं ऐकून मी हसलो. पण इथे उन्हाळ्यात एकमेकांकडे भेटी पाठवायची रीत आहे, आणि त्यात पावडरीचे खोके सर्रास असायचे.

कंपन्यांनी आधी विरोध केला, मग बिनफॉस्फरसची पावडर काढली. लोक निवांत तिच्याकडे वळले आणि साबण मागे पडला. आजींचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही. मीही तीच पावडर वापरतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एवढ्यात लेकाच्या गळाला तळहाताएवढा मासा लागला. मी भूतदयेने तो परत सोडायला निघालो, तर आजी ओरडल्याच. तो ब्लूगिल. १९६०मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोत भेट मिळालेल्या माशांचा वंश. पुढे तो बिवात पसरला, इथल्या माशांची अंडी-पिल्लं खाऊ लागला. २००७मध्ये सम्राट असताना त्यांनी इथेच, शिगात, त्याबद्दल खेद व्यक्त केला. इथे ब्लूगिल पकडून परत सोडायला बंदी आहे. काठावर त्यासाठी वेगळ्या पेट्याच ठेवल्यात.

लेक पेटीपर्यंत गेला, झाकण उघडून आत डोकावला आणि नाक धरून पळत आला. मासा शेवटी मलाच टाकावा लागला.