दुखत नसलेला पाय कशासाठी तपासायचा?

मधुमेहाच्या रुग्णाला मी पायमोजे काढायला सांगितले की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: ‘डॉक्टर, पाय तर मुळीच दुखत नाहीत, मग ते तपासायचे कशाला?’ तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक केवळ साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. नीट चालत आले, समोर बसून बोलले, आणि बूट काढल्यावर उजवा पायमोजा रक्ताने तळव्याला चिकटलेला दिसला. बुटाच्या तळातून वर आलेला खिळा ते सकाळपासून तुडवत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याआधीच्या दोन भेटींत मी त्यांना बूट काढायला सांगितले नव्हते, याची खंत मला अजून आहे.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की सर्वांत लांबच्या, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत पोचणाऱ्या नसा आधी निकामी होऊ लागतात. काहींच्या पायांना मुंग्या येतात, आग होते. अनेकांची संवेदना मात्र काहीही जाणवू न देता जाते, इतकी की पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. वेलूर येथे कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की त्यांच्या हातापायांची हानी मुख्यतः वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या जखमांनी होते. मधुमेहींच्या बधिर पायांचेही तेच आहे, आणि म्हणूनच मुळात कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल आज आम्ही मधुमेहींनाही देतो.

तपासणीची सुरुवात मी पादत्राणांपासून करतो, आत हात घालून. मग तळवे, टाचेच्या भेगा, नखे आणि बोटांची बेचके, जिथे पावसाळ्यात चिखल्या होतात आणि जंतूंना वाट मिळते. कुरूप किंवा घट्टा दिसला की मी थांबतो, कारण तिथे दाब जास्त पडतो आणि खाली जखम लपलेली असू शकते. ती जागा ब्लेडने कापणे किंवा तिच्यावर औषधी पट्टी चिकटवणे हा घरचा उपाय मला फार धोक्याचा वाटतो. त्यानंतर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आधी हाताला लावून दाखवतो आणि रुग्णाने डोळे मिटल्यावर तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतो. ‘आता लागले का?’ असे मी विचारत नाही, कारण माणसे डॉक्टरांना बरे वाटावे म्हणूनही हो म्हणतात. जाणवेल तेव्हा आपणहून सांगा, एवढेच सांगतो. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का ते पाहतो. शेवटी पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतो, कारण रक्तपुरवठा कमी असेल तर लहानशी जखमही भरत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या बाबतीत इथे मी अधिक वेळ घेतो.

सर्व ठीक असेल तर ही तपासणी वर्षातून एकदा पुरते. संवेदना गेलेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी आणि पूर्वी जखम होऊन गेलेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी करावी लागते.

घरीही एक सोपी चाचणी करता येते. तुम्ही डोळे मिटून पडा आणि घरच्या कोणाला दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने अगदी हलकेच, क्षणभर स्पर्श करायला सांगा. दाबायचे नाही, टोचायचे नाही. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर तपासणीला या. आणि एखादा पाय सुजून, लाल होऊन दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर दुखत नसला तरी ‘मुरगळला असेल’ म्हणून शेक देत बसू नका; आतली हाडे खचत असू शकतात, तेव्हा त्या पायावर भार न टाकता त्याच दिवशी दाखवा.