ह्युएहून डीएमझेड: व्हिएतनामची फाळणी झाली ती नदी बघायला जाणार असाल तर

आपल्याकडचे लोक व्हिएतनामला गेले की हनोई, हालाँग बे, दा नांग, होई आन, तो दगडी हातांवर धरलेला सोनेरी पूल आणि शेवटी सायगॉनजवळची कू चीची भुयारं एवढं करून परत येतात. काही ह्युएचा राजवाडा बघतात. पण ह्युएच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर बेन हाय नदी आणि तिच्याभोवतीचा डीएमझेड म्हणजे सैन्यमुक्त पट्टा आहे, 1954 ते 1975 देशाचे दोन तुकडे झाले ते या नदीवरून, आणि तिथं मात्र आपलं फारसं कोणी जात नाही. इतिहासात रस असेल तर एक पूर्ण दिवस काढाच, अर्ध्या दिवसात उरकायला जाऊ नका.

ह्युएहून खासगी गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाइड घेतलेला बरा. ग्रुप टूर स्वस्त पडते पण प्रत्येक ठिकाणी अर्धा तास देऊन हाकलतात. पैसे वाचवायचे तर ट्रेनने डोंग हापर्यंत या (सवा-दीड तास) आणि तिथून गाडी करा. 2025 मध्ये क्वांग बिन्ह प्रांत क्वांग ट्रीमध्ये विलीन झालाय, त्यामुळे जुन्या नकाशांवरच्या प्रांतांच्या नावांनी गोंधळू नका.

बेन हायवरचा हिएन लुओंगचा पूल हायवेला लागूनच आहे. जेमतेम 178 मीटरचा, अर्धा निळा अर्धा पिवळा. मूळचा पूल 1967 च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये गेला, आताचा नंतर पुन्हा बांधलेला आहे. रंगाची गोष्ट गाइड सांगतोच, म्हणजे दक्षिणेनं आपला अर्धा भाग वेगळा रंगवला की उत्तरवाले रातोरात तसाच रंग मारायचे, देश एकच आहे म्हणून. मग झेंडा कोणाचा उंच यावर चढाओढ, उत्तरेचा खांब शेवटी 38 मीटरच्या वर गेला, आणि दोन्ही काठांवरून भोंगे लावून एकमेकांना भाषणं ऐकवणं. ऐकताना हसू येतं.

पण मला तिथं उभं राहून डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. ही रेघ इथंच का? 1954 ला दिएन बिएन फूच्या लढाईत उत्तरेचा कम्युनिस्ट नेता हो ची मिन्ह याच्या माणसांनी फ्रेंच राज्यकर्त्यांना चारी मुंड्या चीत केलं होतं, मग जिनिव्हाच्या वाटाघाटीत त्यांनी 13 व्या अक्षांशाची मागणी केली, फ्रेंच 18 वर अडून बसले, आणि 17 वर तडजोड करा म्हणून उत्तरेवर दबाव आणला तो चीनच्या चौ एन लाय आणि रशियाच्या मोलोतोव यांनी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच दोस्तांनी. कोरियाच्या युद्धात नुकतेच हात पोळले होते, अमेरिका पुन्हा उतरायला नको, एवढंच त्यांना हवं होतं. 1956 ला निवडणूक घेऊन देश एक करायचा असं ठरलं होतं, पण दक्षिणेचा नेता डिएम यानं नकार दिला, अमेरिका त्याच्या पाठीशी, विषय संपला. या सगळ्यावर लक्ष ठेवायला जो आंतरराष्ट्रीय आयोग होता त्याचा अध्यक्ष भारत होता, सोबत पोलंड आणि कॅनडा. आपण शाळेत हे कधी शिकलोच नाही.

नदीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटरचा पट्टा सैन्यमुक्त ठरला होता, आणि त्याच्याच आजूबाजूला सगळ्यात जास्त बॉम्ब पडले. किनाऱ्यावरचं विन्ह मोक त्यासाठी बघा. अख्खं गाव जमिनीखाली गेलं, तीन मजली भुयारं, सगळ्यात खालचा मजला 23 मीटर खोल, 17 मुलं आतच जन्मली. कू चीसारखं रांगावं लागत नाही, पण उंच माणसानं डोकं सांभाळावं, पायऱ्या ओल्या असतात, चपला नकोतच. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना वरच्या म्युझियममध्ये बसवा.

एवढं असून अमेरिकेचं पायदळ ही नदी ओलांडून उत्तरेवर चालून गेलं नाही, कारण चीन कोरियासारखा उतरेल ही भीती. आणि चीन पडद्यामागे होताच, 1965 पासून आळीपाळीने तीन लाखांवर चिनी सैनिक उत्तरेत रस्ते, रेल्वे दुरुस्त करत आणि विमानविरोधी तोफा चालवत होते. क्षेपणास्त्रं रशियाची. रशिया-चीनचं आपसात फाटलेलं, आणि हनोईनं दोघांकडूनही घेतलं. त्यामुळे उत्तरवाल्यांना बड्या देशांची नुसती प्यादी म्हणणं मला पटत नाही.

खे सान्ह डोंग हाहून साठेक किलोमीटर पश्चिमेला, घाटरस्ता. 1968 ला इथल्या अमेरिकन तळाला उत्तरेच्या सैन्याचा 77 दिवस वेढा होता, मग जुलैमध्ये अमेरिकनांनी तो तळ स्वतःच सोडून दिला. आता लाल मातीची धावपट्टी, चिनुक हेलिकॉप्टर, जुनी विमानं आणि आजूबाजूला कॉफीचे मळे. पायवाट सोडून झाडीत जाऊ नका, जमिनीत पडलेलं लोखंड उचलू नका, हा भाग अजूनही न फुटलेल्या बॉम्बनी भरलेला आहे. डोंग हामध्ये हे बॉम्ब काढण्याच्या कामाचं एक माहिती केंद्र आहे, खे सान्ह गाळलं तरी चालेल पण ते बघा.

परतताना क्वांग ट्रीचा किल्ला. फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन माओला भेटला, मार्चअखेर उत्तरेचं सैन्य रशियन रणगाडे घेऊन नदी पार आलं, मे मध्ये अमेरिकेनं हायफाँग बंदरात सुरुंग पेरले आणि त्याच महिन्यात निक्सन मॉस्कोत रशियाचा नेता ब्रेझनेव याच्यासोबत करारांवर सह्या करत होता. बड्यांच्या मेजवान्या आटोपल्या, आणि त्यानंतर जूनअखेर ते सप्टेंबर इथं या किल्ल्यासाठी 81 दिवस दोन्हीकडची व्हिएतनामी पोरं मरत होती. आत बागेसारखं आहे, पण लोक उदबत्त्या लावायला येतात, तेव्हा सेल्फी वगैरे जरा आवरा.

बाकी कामाचं: ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, एकदा प्रवेशाचे 25 डॉलर. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ह्युएकडे धो धो पाऊस, जून-जुलैला लाओसकडून गरम वारा येतो, फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. शाकाहारी लोकांनी ह्युएमध्ये 'Chay' (चाय, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली हॉटेलं शोधावीत, बौद्ध लोकांची असतात, छान मिळतं. डीएमझेडच्या बाजूला मात्र हाल आहेत, सकाळीच काहीतरी बांधून घ्या.